तो वारला, मग त्याने तळं खोदलं

मल्लिकडांग्याच्या राजबाडीत, म्हणजे तिथल्या जुन्या राजवाड्यात, निताईचरण साधुखाँ सत्तावीस वर्षं गाईड होता, आणि सत्तावीस वर्षांत त्याच्या इंग्रजीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. गावात ते कुणाला कळत नव्हतं, आणि ज्यांना कळत होतं ते पाहुणे दुपारी साडेतीनला बोटीत बसून निघून जात.

तक्रार आली ती डिसेंबरात. हिवाळ्यात दर बुधवारी कलकत्त्याहून गोऱ्या पाहुण्यांची बोट भागीरथीतून वर येई, तासाभरासाठी मल्लिकडांग्याच्या घाटाला लागे. त्या बुधवारी पाहुण्यांबरोबर बोटीच्या कंपनीच्या मिसेस चक्लादारही उतरल्या. वीस-पंचवीस पाहुण्यांना त्यांनी चहा प्यायला बसवलं आणि निताईला राजबाडीच्या पायरीवर बोलावून एक पत्र काढलं. ऑस्ट्रेलियातल्या एका निवृत्त न्यायाधीशांनी ते लिहिलं होतं.

“निताईबाबू, हा राजा मेल्यावर तळं कसं खोदतो?”

“राजा कुठे खोदतो? राणी खोदते.”

“तुम्ही पाहुण्यांना काय सांगता? नेहमीसारखं म्हणून दाखवा बरं.”

निताईने घसा साफ केला, हात मागे बांधले आणि नेहमीसारखं म्हणून दाखवलं. मराठीत उतरवायचं तर ते साधारण असं होतं: राजा कुमुदनारायण सिंहराय बत्तिसाव्या वर्षी तापाने वारला. मग त्याने धाकट्या दिरावर कोर्टात दावा लावला आणि तो जिंकला. मग त्याने तळं खोदलं, घाट बांधला, मुलींची शाळा काढली. तो एकतीस वर्षं पांढरं लुगडं नेसून एकभुक्त राहिला. तो फार सुंदर होता.

मिसेस चक्लादारांनी चष्मा काढून पुसला.

“न्यायाधीशांनी तुम्हाला विचारलं होतं म्हणे, मेलेल्या माणसाने तळं कसं खोदलं. तुम्ही काय उत्तर दिलंत?”

“म्हटलं, तो फार करारी होता.”

यात निताईचा दोष म्हटला तर होता, म्हटला तर नव्हता. बंगालीत तो आणि ती हा भेदच नाही. राजा गेला काय, राणी गेली काय, शब्द एकच. आपल्याकडे खुर्चीसुद्धा बाई आणि पलंग बुवा. तिकडे सख्ख्या सासूलाही ‘ती’ म्हणायची सोय नाही. निताईने हे सगळं व्याख्यान आधीचा गाईड पंचू हाजरा याच्याकडून ऐकून ऐकून पाठ केलं होतं, आणि पंचूने कुणाकडून केलं होतं ते पंचूबरोबर गेलं. बंगालीत सांगताना निताई ‘राणीमा’ असं एकदा म्हणे, पुढचं सगळं ऐकणारा समजून घेई. इंग्रजीतही ऐकणारा तसाच समजून घेत असेल, असं तो धरून चालला होता.

“आणि हे बघा,” मिसेस चक्लादारांनी पत्राचं पान उलटलं. “तळ्यात ‘मेनी’ पाणी आहे. राजवाड्याला ‘मच’ खोल्या आहेत. इथे ‘फ्यू’ लोक येतात. हे पंचवीस जण तुमच्यासमोर उभे असताना.”

“फ्यू म्हणजे थोडे ना?”

“ते कुणाकडून तरी शिकून घ्या,” त्या म्हणाल्या. “जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी मी परत येईन. पाहुण्यांबरोबर फिरेन, काही बोलणार नाही, फक्त ऐकेन. जमलं तर ठीक. नाहीतर कलकत्त्याहून एक मुलगी पाठवायचं कंपनीने ठरवलंय. चांगली मुलगी आहे. इतिहासात एम. ए. आहे.”

निताई अठ्ठावन्न वर्षांचा होता. पुढचे दोन दात गेले होते. दुसरं काही काम त्याला येत नव्हतं, आणि हेही येत नव्हतं हे आता कळलं होतं.

बायकोला, पुतुलला, त्याने घरी आल्यावर सांगितलं. ती परसात बदकांना तूस घालत होती.

“मग शिका की,” ती म्हणाली. “मधुदीदीमोणी रिकाम्याच असतात. आपल्या पोरीला त्यांनीच शिकवलं.”

“या वयात?”

“त्या एकाहत्तरच्या आहेत. त्यांच्यापुढे तुम्ही लहानच.”

मधुच्छंदा पालित राणीच्याच शाळेत छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या; शाळेतल्या बाईंना तिकडे दीदीमोणी म्हणतात. गावातल्या निम्म्या बायकांचे कान त्यांनी एकेकाळी पिळलेले होते. निताई बदकांची सहा अंडी घेऊन गेला. दीदीमोणींनी अंडी घेतली, आणि बुधवार सोडून रोज दुपारी दोनला, जेवून पण न झोपता यायचं, असं सांगितलं.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “इंग्रजीत सांग. तुझी आई?”

“तो वारला,” निताई इंग्रजीत म्हणाला.

“आणि वडील?”

“तोही वारला.”

“दोघांत फरक काय?”

निताईने विचार केला. “वडील आधी गेले.”

दीदीमोणींनी एका कागदावर दोन रकाने आखले. एकावर ‘ही’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘शी’. ही म्हणजे बुवा, शी म्हणजे बाई. “उद्यापासून जो दिसेल त्याला मनातल्या मनात नाव लावायचं. माणूस दिसला की ही, बाई दिसली की शी. जिभेला वळण लागलं पाहिजे. डोक्याचं नंतर बघू.”

निताई सकाळी पारघाटावर जाऊन बसला. पलीकडून होडी आली की माणसं एकेक करून फळीवरून उतरत, आणि तो पुटपुटे: ही, ही, शी, ही, शी, शी. दोन दिवस चांगले गेले. तिसऱ्या दिवशी मनातल्या मनातलं थोडं मोठ्याने झालं. पुढचे दात नसल्यामुळे त्याच्या तोंडून शी बाहेर पडताना छी होऊन पडे, आणि छीचा अर्थ बंगालीत आणि आपल्यात एकच. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली लतिका हालदार फळीवरच थांबली.

“छी कुणाला म्हणालास रे?”

“तुला नाही ग. व्याकरण आहे.”

“मासळीला म्हणालास? सकाळची धरलेली आहे. हुंगून बघ.”

“मासळीला नाही. बाईला म्हणतात तसं. इंग्रजीत.”

“इंग्रजीत बायकांना छी म्हणतात?”

“सगळ्यांना. राणीलासुद्धा.”

लतिकाने पाटी खाली ठेवली आणि घाटावरच्या बाकी बायकांना ही गोष्ट सांगितली. त्या दिवसानंतर निताई घाटावर गेला नाही. घरी बदकांवर सराव करू लागला. पण बदकात नर कोणता, मादी कोणती हे त्याला ओळखता येईना, आणि पुतुलला दर वेळी विचारल्यावर ती म्हणाली, “अहो, जी अंडं देते ती ती. तुमच्या व्याकरणासाठी मी अंड्याची वाट बघत बसू का?”

महिनाभरात मात्र जीभ वळली. मधे एक आठवडा तर उलटंच झालं. तो सगळ्यांनाच शी म्हणू लागला, पोस्टमनलासुद्धा. दीदीमोणींनी तेही काढलं. इंग्रज बोटीला शी म्हणतात हे त्यांनी ओघात सांगितलं तेव्हा निताई जरा दुखावला. “बोटीला आठवणीने म्हणतात,” तो म्हणाला, “आणि आमच्या राणीला म्हटलं नाही म्हणून मला पत्र.”

स्वतःचंच हे वाक्य त्याच्या डोक्यात राहिलं. त्या दुपारी तो घरी न जाता राजबाडीत गेला. दिवाणखान्यात राजाची मोठी तसबीर आहे: मिशा, जरीची टोपी, पायाशी अस्वलाचं पिल्लू. राणीची तसबीर नाहीच. कधी काढलीच नव्हती. सत्तावीस वर्षं निताई याच तसबिरीखाली उभा राहून, हिच्याकडेच हात करून सगळं सांगत आला होता. दावा, तळं, घाट, शाळा. पाहुणे मान वर करून मिशांकडे बघत आणि माना डोलवत. ते काय बघत होते ते त्याला आज कळलं. राणी क्षीरोदासुंदरी बाविसाव्या वर्षी विधवा झाली आणि त्रेपन्नाव्या वर्षी वारली, आणि मधल्या एकतीस वर्षांत तिने केलेलं सगळं त्याने आणि पंचूने मिळून या मिशांच्या नावावर चढवलं होतं. तो खाली तळ्यावर गेला, पाय धुतले, आणि घरी जाऊन जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दीदीमोणींना त्याने हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “मग आता नीट सांग,” त्या म्हणाल्या. “चल. फ्यू आणि अ फ्यू.”

हे प्रकरण ही-शीहून कठीण निघालं. फ्यू म्हणजे थोडे, अ फ्यू म्हणजेही थोडेच. मग त्या ‘अ’ने काय होतं?

“तुझ्या तोंडात दात किती?” दीदीमोणींनी विचारलं.

“आहेत थोडे.”

“हे ‘आहेत थोडे’ झालं अ फ्यू. आता तुझी बायको माहेरी जाऊन तुझे दात सांगते तेव्हा काय म्हणते?”

“म्हणते, दात कुठले उरलेत.”

“ते फ्यू. दात तेवढेच. सांगणारा खूश आहे की कुरकुरतोय एवढाच फरक. मोजता येत नाही तिथे लिटल आणि अ लिटल. लिटल म्हणजे ‘कसलं काय’, अ लिटल म्हणजे ‘थोडं का होईना’.”

हे निताईला एकदम पटलं. व्याकरणात कुरकुरीला जागा असते हे त्याला ठाऊक नव्हतं. सगळं व्याख्यान त्याने नव्याने जुळवलं. राणीला शत्रू अ फ्यू होते. मित्र फ्यू होते. पाणी मच, खोल्या मेनी. आणि राणीच्या नावचं सगळं राणीला देऊन झाल्यावर दीदीमोणी म्हणाल्या, “आता पाहुणे विचारतील, मग राजाने काय केलं?”

निताई आठवत बसला. राजाने अस्वल पाळलं होतं, ते पळून गेलं. विलायतेहून बिलियर्डचं टेबल मागवलं होतं, ते जिन्यातून वर गेलं नाही, म्हणून जिन्याखालीच राहिलं.

“ही डिड लिटल,” निताई म्हणाला. कसलं काय केलंय.

“वाक्य बरोबर आहे,” दीदीमोणी म्हणाल्या.

वाक्य बरोबर होतं, पण गावात काही लपत नाही. राजबाडीच्या दक्षिणेकडच्या दोन खोल्यांत मेजोबाबू राहत. इंद्रनारायण सिंहराय, शहात्तर वर्षांचे, निवृत्त पोस्टमास्तर, घराण्यातले गावात उरलेले एकटेच. थंडीत माकडटोपी घालून ते गच्चीवर उन्हाला बसत, आणि बुधवारी वरून पाहुण्यांना राजाच्या तसबिरीपुढे वाहवा करताना ऐकत. त्यांनी निताईला बोलावणं पाठवलं.

“निताई, माझ्या पणजोबांनी काही केलं नाही असं तू साहेबलोकांना सांगणार आहेस म्हणे.”

“काही नाही असं नाही, मेजोबाबू. लिटल.”

“लिटल म्हणजे काही नाहीच. मी पोस्टात चाळीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार केलाय. अ लिटल म्हण.”

“दीदीमोणी म्हणतात, अ लिटल म्हटलं तर काहीतरी दाखवावं लागतं.”

“मधु म्हणते?” मेजोबाबूंनी माकडटोपी काढली. “मधु पालितला जाऊन सांग, तिचा छत्तीस वर्षांचा पगार या घराण्याच्या शाळेतून आला.”

निताईने जाऊन सांगितलं. दीदीमोणी म्हणाल्या, “त्याला सांग, राणीच्या शाळेतून आला. शाळा निघाली तेव्हा घराणं कोर्टात शाळेविरुद्ध उभं होतं.”

निताईने परत जाऊन तेही सांगितलं. असे त्याचे आठवड्यात पाच हेलपाटे झाले. दोघांची घरं एकाच गल्लीत होती, गच्चीवरून एकमेकांना दिसत होती, पण बोलणं निताईमार्फत. शेवटी मेजोबाबू म्हणाले, “मी त्या दिवशी खाली येऊन उभा राहणार. माझ्या तोंडावर म्हण, लिटल.”

जानेवारीचा शेवटचा बुधवार उजाडला तो धुक्यात. बोट दीड तास उशिरा आली. मिसेस चक्लादार वही घेऊन पाहुण्यांच्या मागे उभ्या राहिल्या. दीदीमोणी शाल पांघरून दिवाणखान्यातल्या खांबाशी बसल्या होत्या. तिकीट काढून आल्या होत्या. आणि मेजोबाबू धुवट धोतर, वर कोट, वर माकडटोपी अशा थाटात बरोबर तसबिरीखाली उभे होते.

निताईने हात मागे बांधले. राजा वारला. तो वारला. ती बावीस वर्षांची होती. तिने दावा लावला, ती जिंकली. तिने तळं खोदलं, घाट बांधला, मुलींची शाळा काढली. बोलताना या खेपेस त्याने तसबिरीकडे हात केला नाही. खिडकीतून तळं दिसतं, तिकडे केला. पाहुण्यांनी माना तिकडे वळवल्या. शत्रू अ फ्यू, मित्र फ्यू. दोन्हीकडे ‘अ’ जिथल्या तिथे बसला. खांबाशी दीदीमोणींचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

मग पुढच्या रांगेतल्या एका उंच म्हाताऱ्या बाईने विचारलंच. “आणि राजाने काय केलं?”

निताईने मेजोबाबूंकडे पाहिलं. वरून हुकूम सोडणारे मेजोबाबू तिथे खाली, तसबिरीच्या चौकटीपुढे, फारच बारीक दिसत होते. टोपीतून तेवढा चेहरा बाहेर होता. त्यांनी काही खूण केली नाही. निताईने तोंड उघडलं तेव्हा लिटलच म्हणायचं होतं, पण त्या चेहऱ्याकडे बघताना ते निघेना.

“ही डिड अ लिटल,” तो म्हणाला.

खांबाशी दीदीमोणींनी डोळे मिटले.

“काय केलं?” बाई म्हणाली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

निताईकडे अस्वल होतं आणि बिलियर्डचं टेबल होतं. मिसेस चक्लादारांची पेन्सिल वहीवर थांबली. तेवढ्यात मेजोबाबू पुढे झाले. पोस्टातल्या इंग्रजीत, एकेक शब्द रजिस्टर केल्यासारखा, ते म्हणाले, “त्यांनी सही केली.”

कसली, ते त्यांनी सांगितलं. तापात पडल्यावर, जायच्या तीन दिवस आधी, राजाने एका कागदावर सही केली: माझ्यामागे माझी पत्नी जमीनजुमला पाहील, आणि तिला मूल दत्तक घ्यायचं असेल तर माझी परवानगी आहे. धाकटा भाऊ दाराशी बसलेला होता. त्याने दौत लपवली होती. राजाने चुन्यात हळद कालवायला लावली आणि त्यात टाक बुडवून सही केली. तो कागद नसता तर दत्तक झाला नसता, आणि राणीच्या माघारी सगळं भावाच्या घरात गेलं असतं. “तो दत्तक मुलगा माझे आजोबा,” मेजोबाबू म्हणाले. “कागद माझ्या ट्रंकेत आहे. सही लाल आहे.”

“हे तर बरंच झालं,” ती बाई म्हणाली.

“नाही,” मेजोबाबू म्हणाले. “सही एकच होती. अ लिटल.”

पाहुण्यांनी कागद बघायला मागितला. मेजोबाबूंना ट्रंकेची किल्ली सापडेना, तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला. निताईने सगळ्यांना घाटापर्यंत पोहोचवलं. बोटीला ‘शी’ म्हणायचं हे तो विसरला, पण तेव्हा कुणी ऐकत नव्हतं. मिसेस चक्लादार फळीवर चढताना थांबल्या.

“पुढच्या हिवाळ्याच्या कामाचं पत्र पाठवते,” त्या म्हणाल्या. “त्या म्हाताऱ्या गृहस्थांना कंपनीने नेमलंय का?”

“नाही. ते तिथेच राहतात.”

“राहू द्या,” असं म्हणून त्या आत गेल्या.

निताई परत आला तेव्हा दिवाणखान्यात दीदीमोणी आणि मेजोबाबू दोघंच होती. दीदीमोणी म्हणत होत्या, “हा कागद आहे हे इतकी वर्षं बोलला का नाहीस, इंदू?” आणि मेजोबाबू म्हणत होते, “कुणी विचारलं? सगळे धरून चालले होते की तळंच त्यांनी खोदलंय. मग सहीचं काय सांगायचं?” निताई दाराशी थोडा थांबला आणि बदकांना कोंडायची वेळ झाली म्हणून घरी गेला.

पुढच्या हिवाळ्यात बुधवार सुरू झाले तसे मेजोबाबू दर खेपेला धोतर नेसून खाली येऊ लागले. निताई तसबिरीकडे बघून म्हणे, “ही डिड अ लिटल,” आणि बाजूला होई. पहिल्या बुधवारी सही एकच होती. तिसऱ्या बुधवारी राजाने तापात उठून बसून सही केली. पाचव्या बुधवारी तळ्याची जागाही राजानेच सुचवून ठेवलेली निघाली.

निताईने ही तक्रार घेऊन दीदीमोणींचं घर गाठलं. “दर आठवड्याला वाढतंय,” तो म्हणाला. “असंच चाललं तर फाल्गुनापर्यंत शाळापण तेच काढतील. मी काय म्हणू?”

दीदीमोणी वर्तमानपत्र वाचत होत्या. “तू अ लिटलच म्हण,” त्या म्हणाल्या. “त्याने ‘मच’ म्हटलं त्या दिवशी त्याला माझ्याकडे पाठव.”

निताईने बरं म्हटलं आणि चपला शोधल्या. जाता जाता, इतकं झालंच आहे तर, त्याने विचारून घेतलं की सम आणि एनी यांत नेमका फरक काय. दीदीमोणींनी वर्तमानपत्राची घडी केली आणि त्याला बसायला सांगितलं.